सोशल मीडिया सोडताय? आधी पिंप भरून ठेवा

सोशल मीडिया सोडायचं ठरवलंत? अभिनंदन! मात्र सोडण्याआधी, सोडत असल्याची पोस्ट टाकायला विसरू नका. सूर्यास्ताचा फोटो, खाली ‘आता थोडं स्वतःसाठी’. मग कमेंटना उत्तरं द्यायला आठवडाभर थांबा, नाहीतर लोक शिष्ट म्हणतील.

फेसबुकचं खातं डिलीट केलंत की ३० दिवस तिकडे फिरकू नका. कंपनी फार मायाळू आहे. तेवढ्यात लॉगिन करून डिलीट रद्द करायचं बटण दाबलंत, की झालं-गेलं विसरून ती तुम्हाला पदरात घेते.

नातेवाइकांचे वाढदिवस कालनिर्णयवर लिहा.

मुलाच्या वर्गाचा ग्रुप खुशाल सोडा. उद्या पिवळा टी-शर्ट आणि वाटीभर मोड आलेले मूग न्यायचेत, हे रात्री साडेनऊला तुम्हाला आपोआप स्फुरेल.

व्हॉट्सॲप सोडणार असाल तर मात्र आधी मोठं पिंप घ्या. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीने टाक्या धुवायला काढल्या. मी डोक्याला शाम्पू लावून उभा आणि नळातून नुसती फुसफुस. टॉवेल गुंडाळून इंटरकॉमवर वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, “साहेब, ग्रुपवर टाकलंय ना!” सेक्रेटरींना फोन केला. “ग्रुपवर टाकलं होतं. तुम्हीच लेफ्ट झालात.” म्हणजे चूक माझीच. लिफ्टशेजारी काचेचा नोटीस बोर्ड आहे. त्यात २०१९ च्या गणपतीची वर्गणी अजून झळकते आहे, कारण कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे, ते मुलाकडे ऑस्ट्रेलियात आहेत. आणि गंमत बघा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ग्रुपमध्ये असूनही बादली घेऊन खालीच उभ्या होत्या. पाण्याचा मेसेज सात सुप्रभात, दोन सुविचार आणि कुणाच्या तरी नातवाच्या केकखाली गाडला गेला होता!

दुःखाच्या बातम्यांची सोय वेगळी करा. आमचे एक मामा गेले ते मला तेराव्यानंतर कळलं. “अरे, फॅमिली ग्रुपवर होतं की.”

आणि वर हीच मंडळी विचारतात, “सोडून काय मिळवलंस?” अहो, मी रील्स सोडल्या, तुम्हाला नव्हतं सोडलं! माझा फोन नंबर तोच आहे, दाराला बेल आहे. साठ फ्लॅटच्या सोसायटीत एक कागद छापायला किती खर्च येतो? ४ ऑक्टोबर २०२१ ला हे व्हॉट्सॲप, फेसबुक सगळं जगभर सहाएक तास बंद पडलं होतं. तशा दिवशी टाकी धुवायची असती तर काय केलं असतंत, दवंडी पिटली असतीत? मेन्टेनन्स थकला की बरोबर दारात येऊन उभे राहता. तेव्हा नाही तो ग्रुपवर मागत! पाणी बंद आहे एवढं सांगायला मात्र जिने चढवत नाहीत. आळशी आहात, दुसरं काही नाही. पुढच्या वेळी कागद लावा. काच उघडत नसेल तर काचेवरच चिकटवा. सेलोटेप मी देतो.