फिशटँकमधल्या झाडांना गुलाबी दिवाच लागतो का?

फिशटँकमध्ये झाडं लावायचा विचार कुणी बोलून दाखवला की एक मेसेज हमखास पुढे सरकवला जातो. मजकूर साधारण असा: ‘घरातला एलईडी बल्ब माणसांसाठी असतो, झाडांसाठी नाही. झाडं फक्त लाल आणि निळा प्रकाश घेतात, पांढरा वाया जातो. लिटरमागे एक वॅट हवाच. दिवा रोज दहा-बारा तास चालू ठेवा. स्वस्तातला दिवा लावलात तर शेवाळच उगवेल.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. पण प्रत्येकात खऱ्याचा एखादा कण आहे, आणि त्याच्याच जोरावर मेसेज फिरतो.

आधी लाल-निळ्याचं बघू. हा समज शाळेच्या पुस्तकातल्या आलेखातून आलेला आहे. हरितद्रव्य पानातून काढून द्रावणात विरघळवलं, की ते निळा आणि लाल प्रकाश भरपूर शोषतं, हिरव्याला फारसं शिवत नाही. आलेखात दोन डोंगर आणि मध्ये दरी. पण पान म्हणजे हरितद्रव्याची बाटली नव्हे. पानात शिरलेला हिरवा प्रकाश पेशींवर आपटत आतल्या आत फिरतो आणि त्यातला बराचसा शेवटी कामी येतोच. 1972 साली कीथ मॅक्री यांनी 22 पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं, तेव्हा ती दरी पुष्कळ बुजलेली दिसली. लाल सगळ्यांत कामाचा ठरला, हे खरं. हिरवा-पिवळा मात्र फुकट गेला नाही. ती पिकं जमिनीवरची होती आणि पाण्यातल्या काही झाडांची पानं फार पातळ असतात, त्यामुळे आकडे हुबेहूब लागू होणार नाहीत. पण आपण टँकमध्ये लावतो ती अनुबियास, क्रिप्टोकोरीन ही मुळात ओढ्याकाठची, दलदलीतली मंडळी. पाण्याबाहेरही ती मजेत वाढतात.

आणि पांढऱ्या एलईडीत तरी काय असतं? निळी चिप, साधारण 450 नॅनोमीटरची, आणि तिच्यावर पिवळसर लेप. एखादा एलईडी फ्लडलाइट बंद असताना जवळून बघा, आत जो पिवळा चौकोन दिसतो तो हाच लेप. चिपचा थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर पडतो, बाकीच्याचा लेप हिरवा, पिवळा आणि लाल करून देतो. म्हणजे मेसेजला हवा तो निळा त्यात आहे, लालही आहे, वर मधलेही रंग आहेत. काही जण 6500 केल्विनचाच हट्ट धरतात. तो आकडा आपल्या डोळ्याला प्रकाश किती निळसर वाटेल ते सांगतो. 4000 किंवा 5000 च्या दिव्याखाली झाडं उपाशी राहत नाहीत.

लाल आणि निळे एलईडी एकत्र लावले की उजेड गुलाबी दिसतो. अशा गुलाबी दिव्याशी माझं वैर नाही. चांगल्या प्रतीचे लाल एलईडी तेवढ्याच विजेत उपयोगी प्रकाश जास्त देतात आणि मोठं हरितगृह चालवणाऱ्याला तो हिशोब परवडतो. पण टँक आपण बघायला ठेवतो. त्या गुलाबी उजेडात हिरवं पान काळपट दिसतं आणि मासा आजारी वाटतो.

आता वॅट. वॅट म्हणजे दिव्याने वीज किती खाल्ली. उजेड किती दिला ते त्यातून कळत नाही. जुना ठोकताळा ट्यूबलाइटच्या काळातला, आणि तोही गॅलनमागे वॅट असा होता. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. ‘लिटरमागे’ म्हटलं की मागणी जवळजवळ चौपट होते, शिवाय एलईडी त्या जुन्या ट्यूबपेक्षा तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो तो वेगळाच.

हिशोबच करू. टँक 45 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचा, म्हणजे 40 लिटर. वर 9 वॅटचा बल्ब, खोक्यावर 900 ल्युमेन लिहिलेलं, म्हणजे बल्बने दिलेला एकूण उजेड. त्यातला निम्माच उजेड पाण्यावर पडला असं धरू, कारण साधा बल्ब भिंतींवर आणि आपल्या डोळ्यांतही उजेड उधळतो. उरले 450 ल्युमेन. पृष्ठभाग 0.135 चौरस मीटर, म्हणून सुमारे 3300 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला 70 ने भागलं की झाडाच्या भाषेतला आकडा ढोबळमानाने मिळतो: 47 मायक्रोमोल, दर चौरस मीटरला, दर सेकंदाला (मायक्रोमोल हे प्रकाशकणांच्या संख्येचं माप). तळाशी तो बराच उतरतो. तरीही जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरीन यांना 15 ते 30 सुद्धा चालतात. मेसेजचं ऐकून 40 वॅटचा एलईडी लावलात तर याच हिशोबाने पृष्ठभागावर 200 च्या वर जाल. पाण्यात कार्बन डायऑक्साइड न सोडता तेवढा प्रकाश देणं म्हणजे शेवाळाला आमंत्रणच.

बल्बवर आतून पांढरी किंवा चकचकीत शेड चढवली की निम्म्याऐवजी पुष्कळ जास्त उजेड खाली येतो. स्वस्तातला सगळ्यांत मोठा फायदा माझ्या मते हाच, दिवा बदलण्यापेक्षा शेड बदला. पाणी भरण्याआधी कोरड्या टँकच्या तळाशी फोन उताणा ठेवून लक्स मोजणारं ॲप लावा आणि दिवा वर-खाली करून बघा. मग फोन कोपऱ्यात सरकवा. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण मध्यभागी आणि कोपऱ्यात किती फरक पडतो ते लगेच कळतं. महागड्या दिव्याचं खरं मोल इथे आहे: उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि कमी-जास्त करता येतो. तळावर गवतासारखा पसरणारा झाडांचा कार्पेट किंवा रोटाला नावाचं लालभडक झाड हवं असेल तर तो खर्च करावा, पण मग कार्बन डायऑक्साइडचा आणि खताचाही करावा लागेल.

दहा-बारा तासांचं काय? नव्या टँकला सहा तास पुरेत. झाडं नीट रुजली की सात-आठ. प्लगला एक टायमर लावा, आठवणीवर विसंबू नका.

राहिलं शेवाळ. ते दिव्याची किंमत विचारून येत नाही. उजेड जास्त झाला, झाडं अजून रुजलेली नाहीत, माशांना खाणं जास्त पडतंय, पाणी बदललेलं नाही, की महागड्या दिव्याखालीही काचेवर हिरवा थर धरतो. नव्या टँकमध्ये तपकिरी थर आला तर तो बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. क्रिप्टोकोरीनची पानं नव्या जागी गेल्यावर विरघळल्यासारखी गळतात, तेव्हाही शिव्या दिव्यालाच पडतात. मूळ उपटू नका, त्यातूनच नवी पानं फुटतात.

‘बल्ब माणसांसाठी असतो’ यातला खरा कण मात्र गंभीर आहे, फक्त तो झाडांबद्दलचा नाही. घरगुती बल्ब आणि होल्डर ओलाव्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून टँकवर काचेचं झाकण हवं, दिवा पाण्यात पडणार नाही असा पक्का बसवलेला हवा, आणि बल्बभोवती हवा खेळती हवी, कोंडलेला एलईडी तापून लवकर जातो. वायर सॉकेटकडे सरळ ताणून नेऊ नका. ती आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब त्या झोळातून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही.