डोक्याला वायरी लावण्याआधी

ठाण्याच्या आमच्या नातेवाइकांत सध्या न्यूरोफीडबॅकवरून, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून त्या सुधारायला शिकवणाऱ्या उपचारावरून, दोन तट पडलेत, आणि निकाल मी द्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. कारण आहे माझा आतेभाऊ. तो दिव्याला राहतो, नोकरी ठाण्यात. ९ जून २०२५ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन खच्चून भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. काहींचा जीव गेला. आतेभाऊ त्यातल्याच एका गाडीत आत उभा होता. त्याला ओरखडाही आला नाही. पण तेव्हापासून तो रात्री दचकून उठतो, लोकल टाळून रस्त्याने हाल काढत जातो, कुकरची शिट्टी झाली तरी खांदे कानापर्यंत चढतात. मुलांवर खेकसतो आणि मग तासन्‌तास गप्प.

आत्याचं म्हणणं, "झालं ते झालं, उगाळून काय मिळणार?" वहिनीला वाटतं, त्याने कुणाशी तरी नीट बोलावं. मेव्हण्याने घोडबंदर रोडवरचं एक सेंटर शोधलंय: आधी ब्रेन मॅपिंग, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, मग न्यूरोफीडबॅकची तीस सेशन, पैसे आगाऊ. तिथल्या माणसाने फोनवर जे सांगितलं ते आत्यालाही पटलं: "इथे काही बोलावं लागत नाही." मग मला विचारणा झाली, "तुमच्याकडे तर हे सर्रास चालत असेल ना?"

नाही चालत. मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला फिजिओथेरपिस्ट आहे. इथे पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराचा पेशंट आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो आणि तो त्याला आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचाराकडे पाठवतो, म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (त्या प्रसंगाभोवतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी) किंवा ईएमडीआर (प्रसंग आठवताना डोळ्यांच्या हालचाली करून घेणारी). जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली याच दोन उपचारांची शिफारस केली होती. वर्षाचे पहिले ३८५ युरो खिशातून जातात, पुढचं विमा बघतो. न्यूरोफीडबॅक मात्र मूळ विम्यात बसत नाही, ज्याला हवं त्याने पदरचे पैसे भरावेत. इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. चौदा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे, तरी त्याहून जास्त काळ ताटकळणारी माणसं आखडलेली मान आणि दुखणारा जबडा घेऊन माझ्याकडे येतात. पैसे असतील तर ठाण्यात त्याहून खूप लवकर भेट मिळते, आणि तीही आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाची. ही सोय इथे मिळत नाही, आणि तिची किंमत इथे आल्यावर कळते.

घरी सगळ्यात मोठी भीती शॉकची आहे. ज्या गावाच्या नावानेच वेड्याची टिंगल होते, "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणतात, तिथे डोक्याला वायरी म्हटलं की १९०१ सालापासूनचं मनोरुग्णालय डोळ्यांसमोर येणारच. म्हणून आत्याला फोनवर सावकाश समजावलं. डोक्याच्या कातडीला पेस्ट लावून दोन-तीन सेन्सर चिकटवतात. ते मेंदूच्या लहरी फक्त मोजतात, आत काहीही सोडत नाहीत. कॉम्प्युटर त्यातून ठरावीक लहरी वेगळ्या काढतो. त्या हव्या तशा झाल्या की समोरचा व्हिडिओ स्वच्छ दिसतो, बिघडल्या की अंधूक होतो. मेंदू त्या इशाऱ्यावरून हळूहळू शिकतो, अशी कल्पना आहे.

ही कल्पना मला परकी नाही. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू सैल पडलेल्या बायकांना मी सेन्सर लावून स्क्रीनवर रेघ दाखवते. जो स्नायू तिला जाणवतच नव्हता, तो आकसला की रेघ वर जाते आणि तिचा चेहरा खुलतो. पण नुसती रेघ बघून कुणी बरं होत नाही. कधी आवळायचं, कधी सोडायचं, शिंक येताना काय करायचं, हे शेजारी बसून शिकवावं लागतं. आणि कितीतरी जणी त्या खोलीत पहिल्यांदाच प्रसूतीच्या रात्रीबद्दल बोलतात.

न्यूरोफीडबॅक थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. आघातावर काम करणारे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली जुना पीटीएसडी असलेल्या ५२ जणांवर प्रयोग केला. एका गटाला बारा आठवड्यांत २४ सेशन दिली, दुसरा गट प्रतीक्षा यादीवर ठेवला. अखेरीस तपासता आलेल्यांत न्यूरोफीडबॅक घेतलेल्या २२ पैकी सहाच जण पीटीएसडीच्या निकषांत बसत होते, प्रतीक्षेवरच्या २२ पैकी १५. आकडे आशा वाटावी असे आहेत. पण प्रतीक्षा यादीवरच्या माणसाला काहीच मिळालं नव्हतं, ना मशीन, ना आठवड्यातून दोनदा आपली वाट बघणारं कुणी. मग फरक लहरींनी पडला की त्या भेटींनी? अतिचंचल मुलांवरच्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात १४४ मुलांपैकी काहींना खरं न्यूरोफीडबॅक दिलं, काहींना तसंच दिसणारं खोटं. दोन्ही गट सुधारले, आणि खऱ्याची सरशी झाली नाही. तो आजार वेगळा, पण प्रश्न तोच. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या २०२३च्या मार्गदर्शिकेतही पीटीएसडीसाठी न्यूरोफीडबॅक घ्यावं की घेऊ नये, दोन्हीसाठी पुरावा अपुरा ठरवलाय.

तरीही आतेभावासारख्या माणसासाठी त्याला जागा आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण मी रोज टेबलावर बघते. काही शरीरं सतत इतकी सावध असतात की पाठीला हात लावण्याआधीच स्नायू दगड होतो. अशा माणसाला पहिल्याच दिवशी "त्या सकाळी काय झालं ते सांग" म्हटलं तर तो उठून जाईल. आधी झोप थोडी सुधारली, अंगातला ताण उतरला, तर बोलणं झेपेल. मशीनने एवढं साधलं तरी खूप झालं, पण ते त्या माणसाला पुढे मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती सोपवण्यासाठी साधायचं. गाडी मुंब्र्याच्या वळणावर आली की काय होतं, आपण वाचलो याची टोचणी का लागते, पुन्हा फलाटावर उभं कसं राहायचं, याला मशीनकडे उत्तर नाही.

म्हणूनच "बोलावं लागत नाही" ही जाहिरात मला घातक वाटते. सेशनमध्ये माणूस सैलावतो, आणि सैलावलेल्या क्षणी दाबून ठेवलेलं वर येऊ शकतं. काहींना डोकेदुखी, थकवा, अस्वस्थताही होते. त्या वेळी खोलीत फक्त सॉफ्टवेअर चालवणारा ऑपरेटर असेल तर त्या माणसाने कुणाकडे बघायचं? घरच्यांना न बोलण्याची सोय हवी असते, सेंटरला ती विकता येते, आणि ज्याला त्रास आहे तो आणखी वर्षभर एकटा राहतो. याचा मला मनापासून राग आहे.

ठाण्याला माणसांची वानवा नाही. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था तिथेच आहे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर पैसे न मोजता बोलता येतं. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं २०१७चा कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि दर आठवड्याच्या समुपदेशनाचं बिल घरावर पडतं. ठाणे-नवी मुंबईत वाद घालायचाच तर तो यावर घालावा. तीस सेशनचे आगाऊ पैसे काढू शकणारं घर मानसोपचारतज्ज्ञाची फी मात्र "नुसत्या गप्पांचे पैसे" म्हणून नाकारतं, हे मी आमच्याच घरात ऐकलंय.

मेव्हण्याला मी सेंटरला विचारायचे प्रश्न लिहून पाठवले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन काउन्सिलकडे, म्हणजे त्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेकडे, नोंदलेला आहे का आणि तो स्वतः भेटणार का? सेशनमध्ये त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? सहा-आठ सेशननंतर फरक मोजणार कसा, आणि फरक नसेल तर उरलेले पैसे परत का? पहिल्या प्रश्नावर तिथून "आमचे ट्रेनर सर्टिफाइड आहेत" एवढंच उत्तर आलं. पैसे भरले नाहीत. आतेभाऊ सध्या नौपाड्यात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जातो. पहिल्या भेटींत श्वास आणि झोप एवढंच चाललंय, गाडीचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही. न्यूरोफीडबॅकची जोड द्यायची का, हे त्या दोघांनी मिळून पुढे ठरवायचं आहे. आत्याला अजून हे पटलेलं नाही, पण शनिवारी त्याला उशीर झाला की तीच आठवण करते, "तुला बाईंकडे जायचंय ना?"