व्याज कधीपासनं लागतंय?

मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत एका मैत्रिणीने फोन माझ्यापुढे धरला. "बघ, लेकीला कॉलेजकडून साडेएकतीस हजारांची मदत!" मी चष्मा लावून वाचलं. स्कॉलरशिप सहा हजार डॉलर. मुलीच्या नावावर सरकारी कर्ज साडेपाच हजार. आणि उरलेले वीस हजार 'पेरेंट प्लस', म्हणजे हिच्या किंवा हिच्या नवऱ्याच्या, जो सही करेल त्याच्या डोक्यावर. पत्राच्या माथ्यावर मात्र 'फायनान्शियल एड', आणि खाली तिन्हींची एकच बेरीज. मला असल्या बेरजेचा राग येतो. देणगी आणि उसनवारी एकाच रकान्यात मांडली तर किराणा दुकानदारसुद्धा वही बदलायला सांगेल.

आपल्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दोनच जाती दिसतात. एक, "आपल्याला काही मिळत नाही" म्हणून फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरतच नाही. दुसरी, पोर्टलवर दिसेल त्या ओळीपुढे 'अ‍ॅक्सेप्ट' दाबून मोकळी होते.

पहिल्यांसाठी आधी. आईबाप एच-वन-बीवर असले तरी मूल इथे जन्मलेलं असेल तर त्याला अर्ज करता येतो. तिथे मुलाचं नागरिकत्व बघतात, तुमचं नाही. उत्पन्न जास्त असेल तर ग्रँट मिळणार नाही, पण 'अनसबसिडाइज्ड', म्हणजे व्याजात सरकारी सवलत नसलेल्या, कर्जाला उत्पन्नाची अट नाही. (दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी हिशोबात सूट मिळायची, ती 2024-25 पासून गेली. आमचं धाकटं पुढच्या वर्षी जातंय, म्हणजे नेमके आम्ही सापडलो.)

गेल्या वर्षी थोरल्याचं पत्र आलं तेव्हा नवरा म्हणाला, "आपल्या घराण्यात शिक्षणाला कुणी कर्ज काढलं नाही. रिटायरमेंटच्या खात्यातून उचलू." मी त्याला आठवण करून दिली, तुझी इंजिनिअरिंगची फी कशातून भरली होती? सोसायटीच्या पीककर्जातून. कागदावर ऊस, भरली कॉलेजची फी, आणि कारखान्याच्या बिलातून कापून घेतलं. तो गप्प बसला. मग कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सगळं सांगितलं. त्यांनी ना रक्कम विचारली, ना दर. म्हणाले, "व्याज कधीपासनं लागतंय?"

इथल्या कौन्सेलरने अर्ध्या तासात जे समजावलं नव्हतं ते एवढ्यात आलं. मुलाच्या नावावरच्या सरकारी कर्जाला पहिल्या वर्षी साडेपाच हजारांची मर्यादा, त्यात 'सबसिडाइज्ड' जास्तीत जास्त साडेतीन हजार. मूल किमान अर्धवेळ शिकतंय तोवर त्यावरचं व्याज सरकार भरतं. अनसबसिडाइज्डचं मीटर मात्र पैसे कॉलेजात पोचले त्या दिवसापासून चालू. दर दोन्हींना सारखाच, 2025-26 मध्ये 6.39 टक्के होता. आम्हाला 3,500 आणि 2,000 अशा दोन ओळी आल्या होत्या. वरची घेतली, खालची नाकारली. दोन हजारांवर वर्षाला सव्वाशेच्या वर व्याज होतं, ते मुलाने चार वर्षं साठवत का बसायचं? आमच्याकडे तेवढी सोय होती, म्हणून. नसती तर तीही घेतली असती, आणि कुणापुढे लाजले नसते. हवी तेवढीच रक्कम टाकून कमीही करता येते, पैसे आल्यावर 120 दिवसांत परत केले तर त्यावरची फी आणि व्याज माफ होतं. हे किती जणांना ठाऊक आहे?

पेरेंट प्लसचं मात्र मला पटत नाही. 2025-26 मध्ये 8.94 टक्के दर होता, शिवाय 4.228 टक्के फी आधीच कापायचे. वीस हजार मागितले की साडेआठशेच्या आसपास वाटेतच जायचे. 1 जुलै 2026 पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला वीस हजार आणि एकूण 65 हजारांची मर्यादा आली, ते बरंच झालं. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना दंडक होता, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. इथे तसलं काही नाही, आणि दिवाळखोरीतही हे कर्ज सहजी सुटत नाही. पन्नाशीत डोक्यावर घेण्यापेक्षा स्वस्तातलं कॉलेज निवडा, पहिली दोन वर्षं काउंटी कॉलेजात काढा. मुलगा रुसेल. रुसू दे.

आमच्या कर्जावर सही मात्र थोरल्यालाच करायला लावली. प्रॉमिसरी नोट, म्हणजे कर्ज फेडण्याचा करार, एकदा केली की दहा वर्षांपर्यंत चालते, म्हणून प्रत्येक पान मोठ्याने वाचायला लावलं. त्यात ओळखीच्या दोघांची नावं-पत्ते मागतात. पोरगा म्हणाला, "हे दोघं माझे पैसे भरणार?" नाही रे बाबा, तू सापडला नाहीस तर तुझा ठावठिकाणा विचारायला. मामांनी हे ऐकलं आणि जामीनदारच नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. सोसायटीला दोन लागायचे, आणि दोघंही गावातलेच.

पाडव्याच्या मैत्रिणीचा रात्री मेसेज आला, "साडेपाचातले किती घेऊ?" मी विचारलं, तुझ्या पत्रात साडेपाचाची एकच ओळ आहे की दोन? अजून फोटो आलेला नाही.