‘परमनंट’ वापरणाऱ्यांसाठी काही सूचना

एखादी व्यवस्था फार दिवस टिकणार नाही याची ज्यांना पक्की खात्री आहे, त्यांनी तिच्यामागे सर्वप्रथम ‘परमनंट’, ‘लाइफटाइम’ किंवा ‘लाँग टर्म’ यांपैकी एखादे बिरूद लावून घ्यावे. नुसते ‘कायमचे’ म्हटले तर समोरचा ‘म्हणजे कधीपर्यंत?’ असे विचारण्याचा धोका असतो. ‘परमनंट’ म्हटले की तो मान डोलावतो आणि सही कुठे करायची तेवढेच विचारतो.

या विद्येचा उत्तम धडा मोबाइल कंपन्यांनी घालून दिला आहे. २००५ च्या अखेरीस त्यांनी ९९९ रुपयांच्या आसपास ‘लाइफटाइम व्हॅलिडिटी’ विकायला काढली, तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी पैसे मोजून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या इनकमिंगची जन्माची सोय लावून टाकली. हे ‘लाइफ’ नेमके कोणाचे, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. ते ग्राहकाचे नव्हते, सिमकार्डाचेही नव्हते. ते कंपनीला सरकारकडून मिळालेल्या परवान्याचे होते. पुढे २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवण्यासाठी किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट घातली, आणि जन्माची सोय २८ दिवसांवर आली. तेव्हा मुदत ठणकावून सांगावी. ती कोणाची, हे विचारल्याखेरीज सांगू नये.

आपण मालक असाल तर थोडा अधिक अभ्यास लागेल. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमावलीनुसार, बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे लागते, म्हणून भिंतीवरचे कॅलेंडर कामगाराने पाहण्याआधी आपण पाहावे आणि दिवस भरत आले की त्याला प्रेमाने ‘ब्रेक’ द्यावा. कायमपणाचे लाभ बुडवण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे राज्याचा १९७१ चा कायदा स्पष्ट म्हणतो. तो वाचून घाबरून जाऊ नये, त्यांना ‘ट्रेनी’ किंवा ‘असोसिएट’ म्हणू लागावे. शिवाय मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘फिक्स्ड टर्म एम्प्लॉयमेंट’ सर्व उद्योगांना खुली करून मालकवर्गाची मोठीच अडचण दूर केली. हिच्यात ‘फिक्स्ड’ असते ती जाण्याची तारीख, परंतु वधूपित्याला सांगताना ‘फिक्स्ड’ एवढाच शब्द ऐकू जाईल अशा बेताने बोलता येते. नेमणुकीच्या पत्रात ‘लाँग टर्म असोसिएशन’ची हार्दिक अपेक्षा पहिल्याच ओळीत ठळक छापावी, एका महिन्याच्या नोटिशीचे कलम मागच्या पानावर, स्टेपलरची पिन जिथे येते त्या कोपऱ्यात असावे.

मराठीतून हे साधत नाही असे मात्र कोणी समजू नये. आपल्या राज्यात ‘कायम विनाअनुदानित’ नावाच्या शाळा होऊन गेल्या, ज्यांत शिक्षकाच्या नोकरीचा भरवसा नव्हता, पगाराचा नव्हता, न मिळणारे अनुदान तेवढे कायम होते. २००९ साली सरकारने मोठ्या मनाने त्यातला ‘कायम’ हा शब्द काढून टाकला. अनुदान लगोलग आले नाही. शिक्षक आझाद मैदानावर येत राहिले.

केंद्राचे काम अर्थातच अधिक सफाईचे. पॅन म्हणजे ‘परमनंट अकाउंट नंबर’. ज्यांनी तो आधारशी जोडला नाही अशा बहुतेकांचा हा परमनंट नंबर १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाला आणि हजार रुपये भरून जोडणी केल्यावर पुन्हा परमनंट झाला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांनी यावर हसू नये, कारण त्यांचे ‘परमनंट रेसिडेंट’ कार्डही साधारणपणे दर दहा वर्षांनी बदलून घ्यावे लागते.

घरमालकांना फार शिकवावे लागत नाही. तरीही नवख्यांनी जाहिरातीत ‘लाँग टर्म फॅमिली हवी’ असे आवर्जून लिहावे आणि करार अकरा महिन्यांचा करावा. बाराव्या महिन्यात भाडे वाढवताना ‘आपले काय, लाँग टर्म रिलेशन आहे’ हे वाक्य चहाचा कप पुढे करीत म्हणावे. भाडेकरूने डिपॉझिट परत मागितले, तर त्या दिवशी रिलेशनचा विषय काढू नये. भिंतीवरच्या खिळ्यांची भोके मोजायला घ्यावीत.