खेळतं भांडवल जास्त म्हणजे शेअर फुकट? नाही, राजेहो

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. फुटाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या गटातून, जुन्या बँक सहकाऱ्यांच्या गटातून आणि दोनदा नातेवाइकांकडून. मजकूर थोडक्यात असा: "छोट्या कंपनीचा शेअर तपासायला एकच आकडा पुरे. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा करा. उरलेलं खेळतं भांडवल मार्केट कॅपपेक्षा जास्त असेल तर धंदा फुकट मिळतोय, डोळे मिटून घ्या. करंट रेशो 2 च्या वर असलेली कंपनी बुडत नाही. खेळतं भांडवल उणे दिसलं तर पळा. हे बेंजामिन ग्रॅहमचं सूत्र आहे." यात चालू मालमत्ता म्हणजे रोकड, माल, उधारीची येणी असं वर्षभरात पैशात येणारं, आणि चालू देणी म्हणजे वर्षभरात फेडायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की करंट रेशो. मार्केट कॅप म्हणजे कंपनीच्या सगळ्या शेअरची मिळून बाजारातली किंमत.

मी नागपुरात इतवारीतल्या एका बँक शाखेत बरीच वर्षं व्यापाऱ्यांची आणि कारखानदारांची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटं, म्हणजे माल आणि उधारीवर मिळणाऱ्या कर्जाच्या मर्यादा, तपासली. खेळतं भांडवल हेच माझं रोजचं काम. शेजारचा मुलगा बुटीबोरीला नोकरी करतो. या मेसेजवर विसंबून त्याने एका छोट्या कंपनीचे 200 शेअर घेतले, आणि आणखी घ्यायला मुदत ठेव मोडणार म्हणून विचारायला आला. म्हणून हे लिहितो आहे.

आधी ग्रॅहमचं, कारण या अमेरिकी गुंतवणूकदाराच्या नावावरच लोक विश्वास ठेवतात. 1934 मध्ये त्याने मांडलेली रीत अशी: चालू मालमत्तेतून फक्त चालू देणी वजा करायची नाहीत, सगळी देणी वजा करायची. दीर्घ मुदतीचं कर्जसुद्धा, प्रेफरन्स शेअरसुद्धा (ज्यांना साध्या शेअरच्या आधी पैसे मिळतात ते). जे उरेल त्याच्या दोन तृतीयांश किमतीच्या आत शेअर मिळाला तरच घ्यायचा, आणि असे बरेच शेअर एकत्र घ्यायचे, म्हणजे त्यातले काही बुडाले तरी चालेल. मेसेजमधून यातल्या तिन्ही अटी गळल्या आहेत.

त्या मुलाने दाखवलेल्या कंपनीचं नाव लिहीत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केले आहेत. मार्केट कॅप 40 कोटी. चालू मालमत्ता 90 कोटी: रोकड 4, उधारीची येणी 46, माल 28, इतर आगाऊ रकमा 12. चालू देणी 38 कोटी. मेसेजच्या हिशेबाने खेळतं भांडवल 52 कोटी, म्हणजे 12 कोटी "फुकट". पण दीर्घ मुदतीचं कर्ज 14 कोटी आहे. ते वजा केलं की उरतात 38, म्हणजे मार्केट कॅपपेक्षा कमीच. ग्रॅहमच्या दोन तृतीयांशांत बसायला कंपनी सुमारे 25 कोटींना मिळायला हवी होती.

कंपनी विकायला काढली तर काय हाती येईल याचाही ढोबळ अंदाज ग्रॅहमने दिला होता: येणी सरासरी 80 टक्के, माल दोन तृतीयांश, आणि यंत्रं-इमारती व किरकोळ मालमत्ता साधारण 15 टक्के. तो बट्टा इथे लावला तर रोकड 4, येणी 36.8, माल 18.7, आगाऊ रकमा 1.8, मिळून 61.3 कोटी. देणी 38 आणि 14 मिळून 52. उरले 9.3 कोटी. यंत्रांचे काही येतील ते वेगळे, पण 40 कोटींच्या भावाला आधार म्हणून हे फार तोकडे आहेत.

आणि हे 9 कोटी तरी छोट्या भागधारकाला कोण काढून देणार? 1926 च्या सुमारास ग्रॅहमला नॉर्दर्न पाइपलाइन नावाची कंपनी सापडली. शेअर 65 डॉलरला मिळत होता आणि दर शेअरमागे सुमारे 95 डॉलरचे रोखे कंपनीकडे पडून होते. व्यवस्थापन ऐकेना, तेव्हा त्याने भागधारकांची मतं गोळा केली, 1928 मध्ये संचालक मंडळावर दोन जागा मिळवल्या आणि शेअरमागे 70 डॉलर वाटायला लावले. तिथे आत होते ते बाजारात विकता येणारे रोखे, लोकांकडे अडकलेली उधारी नव्हती. आणि ते बाहेर काढायला माणूस मंडळावर जाऊन बसावा लागला. आपल्याकडे छोट्या कंपनीत प्रवर्तकांकडे, म्हणजे ती काढून चालवणाऱ्यांकडे, बरेचदा 60-70 टक्के शेअर असतात, कायद्याने 75 पर्यंत चालतात. कंपनी दिवाळखोरीत गेली तर 2016 च्या कायद्याच्या कलम 53 प्रमाणे समभागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी.

आता "खेळतं भांडवल जितकं जास्त तितकं चांगलं" या समजाकडे येतो. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं.

एकदा कळमन्याकडच्या एका शीतगृहात मिरचीचा साठा तपासायला गेलो होतो. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, जितकी पोती लिहिली होती तितकी मोजून भरली. माणूस खोटारडा नव्हता. पण पुढच्या दोन रांगा सोडून मागचं पोतं उघडायला सांगितलं तर रंग गेलेली, दोन हंगाम जुनी मिरची निघाली. कागदावर मात्र पुढच्या-मागच्या सगळ्या पोत्यांना एकच भाव होता. त्या कागदावरून खेळतं भांडवल काढलं असतं तर भक्कम दिसलं असतं. माल विकला जात नाही, म्हणून तो साठतो, आणि साठला की चालू मालमत्ता वाढते. उधारी वसूल होत नाही तेव्हाही तेच होतं. धंदा आजारी पडत असतानाच हा आकडा फुगतो.

म्हणून बँक ताळेबंदातल्या येण्यांवर सरसकट पैसे देत नाही. 90 दिवसांवरची उधारी आम्ही ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे किती कर्ज उचलता येईल त्या हिशेबातून, काढून टाकायचो, मालावर साधारण 25 टक्के मार्जिन ठेवायचो, म्हणजे 100 च्या मालावर 75 च द्यायचो. मी हे जाचासाठी करत नव्हतो. कर्ज थकल्यावर त्या मालाचे खरंच किती येतात ते आम्ही लिलावात पाहिलेलं असायचं.

त्या मुलाच्या कंपनीत विक्री वर्षभरात 84 वरून 92 कोटींवर गेली, पण येणी 31 वरून 46 वर. उधारी वसूल व्हायला आधी 135 दिवस लागत होते, आता 182. नफा 5 कोटी दाखवला आहे आणि उधारीच 15 कोटींनी वाढली आहे. विक्री कागदावर झाली, पैसा आला नाही. मेसेजच्या सूत्रात ही 15 कोटींची वाढ कंपनीच्या बाजूने मोजली जाते.

छोट्या कंपनीला दुसऱ्या बाजूनेही ताण असतो. मोठा गिऱ्हाईक चार-चार महिने पैसे देत नाही. पण सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून, ती मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. मधलं अंतर व्याजाच्या पैशाने भरावं लागतं.

करंट रेशो 2 म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. बँकांनी खेळत्या भांडवलाला कर्ज कसं द्यावं हे सांगणाऱ्या टंडन समितीच्या 1975 च्या अहवालापासून बँका 1.33 हा किमान आकडा धरत आल्या, आणि त्याच्या वरच्या कंपन्याही आमच्या डोळ्यांसमोर बुडाल्या. शिवाय हा रेशो एका दिवसाचा असतो. समजा चालू मालमत्ता 100 आणि चालू देणी 50. मार्चच्या शेवटच्या दिवशी 20 रोख भरून सीसी खातं खाली आणलं, तर 80 आणि 30 उरतात. रेशो 2 वरून 2.67 झाला, खेळतं भांडवल होतं तितकंच 50 राहिलं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उचल पुन्हा होती तिथे. विदर्भात हंगामही बघायला हवा. जिनिंगवाल्याचा पैसा ऑक्टोबरपासून कापसात गुंततो. त्याचा मार्चचा ताळेबंद आणि सप्टेंबरचा ताळेबंद दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटतील. मुख्य बाजारात नोंदलेल्या कंपन्या सप्टेंबरअखेरचाही ताळेबंद देतात, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

उणे खेळतं भांडवल पाहून पळण्याबद्दल फार लिहीत नाही. सीताबर्डीतला कोचिंग क्लास जूनमध्ये वर्षाची फी घेतो आणि वर्षभर शिकवतो. घेतलेली फी ताळेबंदात देणं म्हणून दिसते, त्यामुळे आकडा उणे येतो. दुसऱ्याच्या पैशावर चालणारा हा चांगला धंदा आहे. पुरवठादार आणि पीएफ थकवून आलेलं उणे वेगळं. सहा महिन्यांवर थकलेली सरकारी देणी लेखापरीक्षकाला अहवालात लिहावीच लागतात, तिथे फरक कळतो.

मग बघायचं कुठे? आर्थिक वर्ष 2021-22 पासून कंपन्यांना येण्यांचा वयवार तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, मग एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची, वादातली वेगळी. त्याच वर्षापासून लेखापरीक्षक आणखी एक गोष्ट सांगतो. कंपनीचं खेळत्या भांडवलाचं मंजूर कर्ज 5 कोटींच्या वर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं वहीखात्याशी जुळतात का, हे त्याला नोंदवावं लागतं. आमच्या काळी हा मेळ घालायला आम्ही चहा-पाणी सोडून बसायचो. आता तो घरबसल्या वाचायला मिळतो. विवरणात माल जास्त आणि वहीत कमी दिसला, तर तिथेच थांबा.

मुलाला शेजारी बसवून आम्ही त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. 46 कोटींपैकी 17 कोटींची येणी एक वर्षाच्या वरची निघाली. मग संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची टीप काढली. 12 कोटींच्या आगाऊ रकमांपैकी 9 कोटी प्रवर्तकांच्याच दुसऱ्या फर्मला दिलेले होते. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, हे तर खेळतं भांडवल नाहीच."

मुदत ठेव त्याने मोडली नाही. हातातले 200 शेअर सध्या ठेवले आहेत, कारण वार्षिक सभा सप्टेंबरात आहे आणि भागधारक म्हणून त्याला प्रश्न विचारता येतो. प्रश्न आम्ही दोघांनी मिळून लिहिला: हे 9 कोटी कशासाठी दिले, व्याज किती लागतं आणि ते परत कधी येणार. कंपनी सचिवाला तो काल ईमेलने पाठवला.