भांडण कंपनीशी, संगणक तिसऱ्याच्या हवाली

एक लांबलचक मेसेज कित्येक वर्षं थोडेफार शब्द बदलून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर सुरक्षितच असतं, अँटिव्हायरस ओरडतो तो कंपन्यांच्या सांगण्यावरून. अपडेट म्हणजे जुनी यंत्रं हळू करून नवी खपवायची युक्ती, तेव्हा ते कायमचे बंद ठेवा. सामान्य माणसाच्या संगणकात चोरण्यासारखं असतंच काय? कॉपी केल्यावर मूळ वस्तू जागच्या जागी राहते, म्हणजे ती चोरी नव्हे. आणि नाहीतरी न परवडणाऱ्याला दुसरा मार्ग कुठे आहे? शेवटी ‘सगळ्यांना पाठवा’ हे आलंच.

हा मजकूर सरसकट खोटा असता तर काम सोपं होतं. त्यातली काही विधानं खरी आहेत आणि त्यांच्या आडोशाने बाकीची खपून जातात. कंपनी ग्राहकाशी न्यायाने वागते का, हा एक प्रश्न. समोरची फाईल चालवणं सुरक्षित आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘हो’ येत नाही. कारण क्रॅक केलेली फाईल कंपनीकडून आलेली नसते. कुणा तिसऱ्याने ती उघडलेली, बदललेली आणि पुन्हा बांधून दिलेली असते. मेसेजमध्ये कंपनीला भरपूर शिव्या आहेत, तुमच्या हक्कांबद्दल कळवळा आहे, पण या तिसऱ्या माणसाचा उल्लेख एकदाही नाही.

‘अँटिव्हायरस खोटं ओरडतो.’ कधीकधी ओरडतो, हे मान्य. कीजेन किंवा अ‍ॅक्टिव्हेटर (खोटी लायसन्स-किल्ली बनवणारी किंवा लायसन्स तपासणीला चकवणारी साधनं) दिसला की बरेच अँटिव्हायरस त्याला ‘हॅकटूल’ असा शिक्का मारून अडवतात, आत दुसरं काही नसलं तरी. शिवाय क्रॅक करणारे आपली फाईल दाबून, गुंडाळून देतात. मालवेअरवालेही, म्हणजे घातक प्रोग्राम बनवणारेही, तेच करतात, त्यामुळे नुसत्या बांधणीवरूनही संशय येतो. पण इशारा खरा की खोटा, हे वापरणाऱ्याला बाहेरून पाहून ठरवता येत नाही, आणि मालवेअर पसरवणाऱ्याचा सगळा धंदा या न कळण्यावर चालतो. क्रॅकसोबतच्या रीडमी फाईलमध्ये बहुधा एकच मंत्र असतो: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग फाईल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे संगणकाचे पूर्ण अधिकार देऊन, चालवा. संगणकावर हा दर्जा मिळवण्यासाठी एरवी हल्लेखोराला एखादी फट शोधावी लागते, कुणाला तरी फसवावं लागतं. इथे घरधनीच राखणदाराला सुटी देऊन दार उघडतो, आणि वर सूचना नीट पाळल्याचं समाधान मानतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण सॉफ्टवेअर तर नीट चालतंय की!’ चालणारच. २००९ च्या जानेवारीत अ‍ॅपलच्या आयवर्क ०९ या ऑफिस सॉफ्टवेअरची एक चोरटी प्रत बिटटोरंट या फाईल वाटण्याच्या जाळ्यावर फिरत होती. तिच्यातलं आयवर्क पूर्ण होतं, त्यात काही उणं नव्हतं. फक्त इन्स्टॉलरमध्ये एक जादा पॅकेज होतं, ट्रोजनचं, म्हणजे उपयोगी वस्तूच्या आडून शिरणाऱ्या मालवेअरचं. इन्स्टॉल करताना माणूस आपणहून पासवर्ड टाकत होता, त्यामुळे त्या पॅकेजला वेगळी परवानगी मागावी लागली नाही. २०२० मध्ये मॅकवरच एव्हिलक्वेस्ट नावाचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर) सापडलं, ते लिटल स्निच या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतीतून. लिटल स्निचचं काम काय, तर आपल्या संगणकातून कोणता प्रोग्राम गुपचूप बाहेर बोलतो आहे हे दाखवणं! पहारेकऱ्याचीच बनावट प्रत घेतली की असं होतं.

विंडोजवर स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर कुटुंब अनेक वर्षं मुख्यतः क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरमधूनच पसरत आलं. त्याचे बळी मोठ्या कंपन्या नव्हते, घरगुती वापरणारे होते. फोटो, प्रबंध, हिशेब, सगळं कुलूपबंद करून ९८० डॉलर मागायचे. ७२ तासांत संपर्क केला तर निम्म्यात सौदा. २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने त्याच्या १४८ उपप्रकारांसाठी फायली सोडवण्याचं साधन मोफत दिलं, पण पुढच्या उपप्रकारांनी किल्ली बनवण्याची पद्धत सुधारली आणि बहुतेकांसाठी तोही मार्ग बंद झाला.

या सगळ्यांपेक्षा बोलकं उदाहरण मला २०१५ चं वाटतं, कारण त्यात पैसे वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. आयफोनची अ‍ॅप बनवण्याचं अ‍ॅपलचं साधन, एक्सकोड, मोफत मिळतं. चीनमध्ये ते अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून उतरायला फार वेळ लागे, म्हणून काही डेव्हलपरांनी स्थानिक फाईल-शेअरिंग साइटवरच्या प्रती घेतल्या. त्यांत कुणीतरी फेरफार केलेला होता. त्या एक्सकोडने बनवलेल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये नको तो कोड आपोआप शिरायचा आणि ती अ‍ॅप थेट अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर पोहोचली. वीचॅट या चीनमधल्या लोकप्रिय चॅट अ‍ॅपची एक आवृत्तीही त्यांत होती. ही सगळी धंद्यात मुरलेली माणसं. सॉफ्टवेअर फुकटचं, हेतू स्वच्छ, आणि चूक एकच: प्रत कुठून घेतली.

‘लाखो लोक वापरतात, कुणाला काही झालेलं नाही’ या ओळीवर फार शाई घालवायला नको. आजकालचं बरंचसं मालवेअर स्क्रीनवर कवटी दाखवत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी (तुम्ही लॉगिन केल्याची साइटने ठेवलेली खूण) उचलून पाठवतं आणि अनेकदा स्वतःला पुसून निघून जातं. झालं, पण कळलं नाही, असे लोकही त्या लाखोंतच मोजलेले असतात.

आता अपडेट. हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा, कारण त्यामागे खरा राग आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने स्वतः कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं गेलं. ते तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं, पण ग्राहकाला आधी सांगितलंच नव्हतं. मग प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीवर मिटलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी पडली, विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत. अपडेटवर अविश्वास दाखवणाऱ्याला वेडा ठरवण्यात अर्थ नाही.

पण मेसेजमधला सल्ला ‘जपून अपडेट करा’ असा नाही, ‘कायमचे बंद करा’ असा आहे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाईल-शेअरिंगमधली एक गंभीर फट बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअरचा हल्ला आला आणि त्याच फटीतून, कुणी कुठेही क्लिक न करता, एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत सुटला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. बळींमध्ये सर्वाधिक यंत्रं विंडोज ७ ची होती, म्हणजे त्यांच्यासाठी इलाज जवळपास दोन महिने तयार होता.

पॅच निघाला की धोका कमी होतो, असं आपण धरून चालतो. ज्याने तो लावला त्याच्यापुरतं ते खरं. न लावणाऱ्याचा धोका उलट त्या दिवसापासून वाढतो. हल्लेखोर जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात आणि फट नेमकी कुठे होती हे त्यांना आयतं कळतं. तोवर जे गुपित मोजक्यांना ठाऊक होतं, त्याचा नकाशाच छापून येतो.

अपडेटच्या विरोधात देता येईल असं सगळ्यात भक्कम उदाहरण नॉटपेट्या या मालवेअरचं. मेसेज लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही, म्हणून मीच देतो. २७ जून २०१७ ला ते युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून आलं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट व्यवस्थेतच शिरकाव केला होता. म्हणजे अपडेट करणाराच बुडाला. मात्र आत शिरल्यावर शेजारच्या संगणकांत पसरताना त्याने इतर युक्त्यांबरोबर मार्चमध्ये बुजवलेली तीच फट वापरली. सुरक्षेचे पॅच लगेच घ्यावेत, रंगरूप बदलणारे मोठे अपडेट दोन-चार आठवडे थांबवले तरी बिघडत नाही, इतपत फरक करायला हरकत नाही. क्रॅक वापरणाऱ्याला तोही करता येत नाही. अपडेट आला की क्रॅक तुटेल, या भीतीने तो सगळंच बंद ठेवतो.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही.’ ऑक्टोबर २०१६ मध्ये साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटरसारख्या बड्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. हल्ला करणारं सैन्य मिराई नावाच्या मालवेअरने जमवलेलं होतं आणि त्यात प्रामुख्याने घरोघरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर होते, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी न बदललेले. त्या कॅमेऱ्यांत कुणाचं कसलं गुपित होतं? हवं होतं ते फक्त त्यांचं इंटरनेट. तुमच्या संगणकाचंही तेच: दुसऱ्यासाठी बिटकॉइनसारखी आभासी नाणी खोदायला त्याचा प्रोसेसर चालतो, स्पॅम पाठवायला त्याचा पत्ता चालतो. आणि काही नाही म्हणणाऱ्याकडे ईमेल खातं तर असतंच. बँकेपासून सोशल मीडियापर्यंत ‘पासवर्ड विसरलात?’ची चिठ्ठी बहुधा तिथेच येते. लॉगिन झालेली कुकी चोराच्या हाती लागली तर अनेक ठिकाणी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही विचारले जात नाहीत, कारण साइटच्या लेखी तुम्ही आधीच आत आहात.

कॉपी म्हणजे चोरी नव्हे, या मुद्द्यावर मात्र मी बऱ्याच अंशी मेसेजच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९८५ च्या डाउलिंग खटल्यात हा फरक केला. एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या अनधिकृत रेकॉर्ड विकणाऱ्याला चोरीचा माल राज्याबाहेर नेण्याचा कायदा लागू होत नाही, असा निकाल दिला. कॉपीराइटभंगाचा गुन्हा मात्र राहिला. तो वेगळा गुन्हा आहे, एवढंच. हा वाद काही नवा नाही. ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात बिल गेट्स यांनी अल्टेअर बेसिक या आपल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या प्रती एकमेकांना वाटणाऱ्या हौशी लोकांना चोर म्हटलं होतं. प्रत्येक फुकट प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, हे कंपन्यांचं गणितही चुकीचं आहे. फुकट घेणाऱ्यांतले कितीतरी जण विकत कधीच घेणार नव्हते.

शिवाय कॉपी रोखण्याच्या नावाखाली कंपन्यांनी जे केलं आहे, ते पाहून चोर सोडून संन्याशाला सुळी हीच म्हण आठवते. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी पैसे मोजून घेणाऱ्यांच्या विंडोजमध्ये एक रूटकिट, म्हणजे संगणकात खोल लपून राहणारं सॉफ्टवेअर, गुपचूप बसत होतं. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाईल ते लपवायचं, आणि थोड्याच दिवसांत दुसरे मालवेअरवाले त्याच आडोशाला येऊन बसले. फुकट गाणी उतरवणाऱ्याला याची झळ लागली नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्रावरून विकत घेतलेली काही पुस्तकं परस्पर पुसली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण ‘विकत घ्या’ या बटणाचा अर्थ त्या दिवशी लोकांना कळला.

हे सगळं मान्य करूनही क्रॅक चालवणं सुरक्षित कसं ठरतं? सोनीने विश्वासघात केला, म्हणून अनोळखी माणसाने बदललेल्या फाईलवर विश्वास टाकायचा, हा कुठला न्याय? कॉपीच्या बाजूचा सगळा युक्तिवाद गाण्याच्या, पुस्तकाच्या प्रतीला लागू पडतो. प्रोग्राम वाचला जात नाही, तो चालतो, आणि चालताना तुमच्या नावाने वाटेल ते करू शकतो. नैतिक वाद जिंकला तरी ही गोष्ट तशीच राहते.

राहिला ‘पर्याय नाही’ हा मुद्दा. लिहिणं आणि हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस, चित्रांसाठी गिम्प, क्रिटा आणि इंकस्केप, त्रिमितीसाठी ब्लेंडर, व्हिडिओ पाहायला व्हीएलसी, आणि मुळात विंडोजच नको असेल तर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. यांची प्रत काढून मित्राला दिली तर लायसन्स अडवत नाही, उलट तो हक्क देतं. प्रत्येक जागी ही साधनं पुरतील असं नाही. समोरचा ग्राहक एका विशिष्ट फाईल-प्रकारावर अडून बसला की लिब्रेऑफिसचं कौतुक तिथे चालत नाही. अशा वेळी विद्यार्थी आवृत्ती, जुनी एकरकमी आवृत्ती किंवा काम असेल त्या महिन्यापुरतंच भाडं, असे मार्ग शोधावे लागतात आणि ते कटकटीचे असतात.

ज्याने क्रॅक आधीच चालवलं आहे, त्याने नुसतं ते अनइन्स्टॉल करून भागत नाही. सोबत आलेली वस्तू त्याबरोबर जातेच असं नाही. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून आधी ईमेलचा आणि मग बाकीचे पासवर्ड बदलावेत, प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतील. स्वतःच्या फायली, म्हणजे कागदपत्रं आणि फोटो, वेगळ्या डिस्कवर घेऊन ऑपरेटिंग सिस्टिम अधिकृत साइटवरून उतरवून नव्याने टाकावी. डाउनलोड फोल्डरमधले जुने सेटअप त्या डिस्कवर घेऊ नयेत.