कै. प्रमुख पाहुणे

मुलांसाठी कविता लिहिणाऱ्या माणसाला वर्षातून एकदाच मागणी असते. 15 ऑक्टोबरला. अब्दुल कलामांची जयंती 2015 पासून आपल्याकडे ‘वाचन प्रेरणा दिन’ झाली आणि माझ्यासारख्यांना पोळ्याच्या बैलाचा मान मिळाला. रंगवायचं, मिरवायचं, पुरणपोळी घालायची. दुसऱ्या दिवशी आहेच गोठा.

यंदा एका शाळेत प्रमुख पाहुणा होतो. सकाळच्या पॅसेंजरने पोचलो. स्वागतगीत झालं, पेटी काळी दोनमध्ये, मुली आपापल्या पट्टीत. मग परिचय करून द्यायला एक तरुण सर उठले. पत्रिकेत माझ्या नावामागे हौसेने ‘बालकवी’ छापलं होतं. सरांनी मोबाइलवर तेवढंच शोधलं असावं.

“आजच्या पाहुण्यांचा जन्म 1890 साली धरणगाव येथे झाला.”

मी मुद्दाम कलप लावून गेलो होतो. तरी एकाही पोराला शंका आली नाही, हे जरा लागलं.

“1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली.” टाळ्या.

हे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, हे मला कळलं. पण आपलाच परिचय चालू असताना हरकत कशी घ्यायची? शिवाय इतका चांगला परिचय पुन्हा कोण करून देणार? मी नम्रपणे मान खाली घातली.

“1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचं निधन झालं.”

हात गरम झालेल्या पोरांनी इथेही कडकडाट केला. सर थबकले. मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे. मोठ्या बाईंनी प्रसंग ओळखून माझ्या हातात घाईघाईने नारळ दिला. त्या क्षणी तो वेगळाच वाटला.

‘वाचाल तर वाचाल’ छापाचं भाषण उरकलं. मेलेल्या माणसाने हे सांगावं म्हणजे फारच झालं.

मग म्हटलं, ग्रंथालय दाखवा. ग्रंथालय म्हणजे काचेचं एक कपाट. कुलूप लावलेलं. किल्ली ज्या सरांकडे, ते मतदारयादीच्या कामावर.

“दहा वर्षांत एक पान दुमडलेलं नाही हो,” बाई अभिमानाने म्हणाल्या.

काचेला नाक टेकवून, मान वाकडी करून चौथीतली एक मुलगी उभी होती.

“काय करतेस गं?”

“वाचतेय.”

“काय?”

“नावं. खालच्या दोन फळ्या पाठ झाल्या. वरची दिसत नाहीत.”

आणि तिने दोन फळ्या खडाखडा म्हणून दाखवल्या, लेखकांच्या नावांसकट. तिसरीसाठी मी तिला उचलून धरलं. त्या फळीवर डाव्या कोपऱ्यात माझं एक पुस्तक होतं. तिने ते वाचलं आणि पुढे सरकली. बाई म्हणाल्या, “काचेला डाग पडतात गं!”

निघताना तीच मुलगी वही घेऊन आली. सही केली, खाली तारीख टाकली. तिने ती निरखून बघितली आणि वही परत पुढे केली.

“सर, 1918 च्या आधीची टाका ना. घरी कुणाला खरं वाटणार नाही.”